मिरजेतला फ्लेक्स आणि मोडलेला सलाम

आज सकाळी मिरज स्टेशनजवळ बारा बाय आठचा एक फ्लेक्स बघितला आणि डोकंच फिरलं. वर सोनेरी अक्षरांत अरबीत ‘अस्सलामु अलैकुम’ लिहायचं होतं. ‘अलैकुम’मधली ऐन, लाम, ये, काफ, मीम ही पाचही अक्षरं एकमेकांना जोडून लिहितात. तिथं पाचही सुटी, वर उलटी! उजवीकडून वाचायला जावं तर मीम आधी. ‘सातारा’चं ‘रातासा’ छापलेलं आपण खपवून घेऊ का? आणि हे कुठं, तर सतारीचा पडदा केसभर सरकला तरी कारागीर वाद्य हातावेगळं करत नाही त्या मिरजेत!

अरबीच्या २८ अक्षरांपैकी २२ अक्षरं जागेप्रमाणे चार रूपं घेतात: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. अलिफ, दाल, झाल, रे, झे, वाव ही सहा पुढच्या अक्षराला जोडत नाहीत. फोटोशॉपच्या २०२२ आधीच्या आवृत्त्यांना हे आपण सांगावं लागतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइप, तिथं वर्ल्ड-रेडी लेआउट (आणखी जुन्या आवृत्तीत मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन), मग प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. पॅराग्राफच्या मेनूतही वर्ल्ड-रेडी निवडायचं आणि दिशा उजवीकडून डावीकडे ठेवायची. युनिकोड मराठीची वेलांटी भलतीकडे जाते ना, तीही याच सेटिंगनं जागेवर येते. म्हणजे हे काम आपलंही आहे!

ऑपरेटर पोरावर राग नाही माझा. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मजकूर येतो आणि सकाळी फ्लेक्स खांबावर हवा असतो, हे मान्य. पण सेटिंग एकदाच करायची असते.

फॉन्टही फुकट आहेत. अरबी मजकुराला अमिरी, उर्दूला नोटो नस्तालीक. ओळ भरत नाही म्हणून ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, सांधे तुटतात. शब्द लांबवायला ततवील हे चिन्ह असतं. आडवं ताणणं तर मुळीच नको. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लानं अक्षराचं माप कलमाच्या चौकोनी नुक्त्यावर (ठिपक्यावर) बसवलं. रुंदी १२० टक्के केली की ते माप गेलंच. अक्षराला बॉर्डर द्यायची असेल तर मजकुराचं कर्व्ह (म्हणजे नुसता आकार) करून आधी वेल्ड करा, म्हणजे जोडलेली अक्षरं एकसंध होतील, नाहीतर प्रत्येक सांध्यावर रेघ उमटते.

त्याहून चीड येते ती एआयच्या ‘इस्लामिक आर्ट’ची. अरबीसारखे दिसणारे निरर्थक फराटे, त्यांच्या फ्रेमा करून विकतात आणि लोक भक्तिभावानं भिंतीवर लावतात! भिंतीवर काय लिहिलंय हे विचारायचं तरी.

विजापूर इथून काही लांब नाही. तिथं इब्राहिम रौजाच्या, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कबरीच्या इमारतीच्या, खिडक्यांच्या जाळ्याच अरबी अक्षरांच्या आहेत, दगडात आरपार कोरलेल्या. अक्षरांच्या मधून उजेड आत येतो. चारशे वर्षांपूर्वी छिन्नीनं साधलं ते. या अक्षरांचे फोटो मोबाइलवरून घरोघरी जावेत असं मनापासून वाटतं. फोटो घेताना भर दुपारी नको, ऊन तिरपं असताना घ्या. कोरीव कडा उठून दिसते. कॅमेरा भिंतीला समोरासमोर, नाहीतर अलिफची उभी रेघ कलते. अक्षर पुन्हा रेखाटायचं तर ऑटोट्रेस (फोटोवरून आपोआप रेघ काढणं) नको, त्यात शेकडो फालतू नोड (रेघेवरचे बिंदू) येतात. पेन टूलनं हातानं काढा, नोड फक्त वळणाच्या टोकाला.

आणि छापण्याआधी प्रूफ उर्दू शाळेतल्या एखाद्या सरांना दाखवा. कोणी नसेल तर मला पाठवा, रात्री अकरालाही बघून देईन. तो मिरजेचा फ्लेक्सही उतरवून नवा लावता येईल, मजकूर मी जुळवून देतो.