दिव्यांगांसाठीच्या राज्य सल्लागार मंडळाची बैठक कधी, हेच विचारत बसायचं का?

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. कलम 66 प्रमाणे सरकारला सल्ला देणारं हे मंडळ प्रत्येक राज्यात हवं, कलम 70 प्रमाणे सहा महिन्यांत किमान एक बैठक हवी. दहा जागा दिव्यांगांच्या संस्थांसाठी, त्यांत किमान पाच महिला. मग सदस्यांची तीन वर्षांची मुदत संपेपर्यंत नव्या नावांची फाईल का हलत नाही?

आणि बैठक लागली तरी काय? विषयपत्रिका येते ती स्कॅन केलेली. म्हणजे कागदाचा फोटोच. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं एक अक्षर वाचत नाही, म्हणजे अंध सदस्य रिकाम्या हाताने बैठकीला बसणार! टाइप केलेली मूळ युनिकोड फाईल जोडायला एक मिनिट लागतं हो. सांकेतिक भाषेचा दुभाषा आदल्या दिवशी आठवतो. दोन तासांच्या बैठकीला दोघे लागतात, कारण वीसेक मिनिटांत हात आणि डोकं दोन्ही थकतं.

रॅम्पचं तेच. तीन पायऱ्या म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर उंची, 1:12 उतार, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी, धरला तर 5.4 मीटर लांबी. बांधतात दोन मीटर! व्हीलचेअर मागे कलंडते. नकाशा आधी मंडळापुढे आला असता तर तिथेच अडला असता.

राज्याच्या दिव्यांग आयुक्तांची शिफारस एखाद्या खात्याने नाकारली तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. मंडळाच्या सल्ल्याला तेवढंही बंधन नाही. निदान इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे जबाबदार अधिकारी आणि तारीख लिहा, आणि पुढची बैठक त्याच पानापासून सुरू करा.