काळ्या ब्राचा काय गुन्हा?

कराडला माझं लेडीज वेअरचं छोटं दुकान आहे. गेल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं म्हणाली, "काळी सोडून दाखवा." पहिलीची आवड असेल म्हणून सोडून दिलं. तिसरीला विचारलं, तर तिने मोबाईलच पुढे केला. दोन दिवसांनी तोच मेसेज मावशीने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, वर हात जोडलेले तीन इमोजी. तिथून तो माझ्या बारा वर्षांच्या भाचीने वाचला. तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

मेसेज थोडक्यात असा. टाटा हॉस्पिटलच्या सेमिनारमध्ये सांगितलेली माहिती, प्रत्येक आईबहिणीपर्यंत पोहोचवा. उन्हाळ्यात काळी ब्रा घालू नका, कॅन्सर होतो. रात्री ब्रा काढून झोपा, नाहीतर विषारी द्रव्यं साठून गाठ होते. तारेची किंवा घट्ट ब्रा नको. काखेत डिओ नको. ब्लाउजमध्ये मोबाईल नको. छाती मोठी तितका धोका मोठा. आणि शेवटी, गाठ दुखत नसेल तर ती साधीच असते, सुई टोचून घेऊ नका, सुईने कॅन्सर पसरतो, एरंडेल आणि हळदीचा लेप चाळीस दिवस लावा.

टाटाचं नाव बघून दबायचं कारण नाही. गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो हा मेसेजही टाटाच्याच नावाने गावभर फिरला होता. शेवटी हॉस्पिटललाच सांगावं लागलं की हे आमचं नाही.

आता काळा रंग. काळं कापड उन्हात तापतं, कबूल. पण ब्राच्या वर ब्लाउज, त्यावर पदर किंवा ओढणी. ऊन पोहोचणार कुठून? आणि पोहोचलं तरी ते कातडी भाजेल. स्तनाचा कॅन्सर सुरू होतो तो आत, दुधाच्या नळ्या आणि दुधाच्या ग्रंथींच्या पेशींमध्ये. त्या पेशींना वर लेस आहे की कॉटन, काळं आहे की गुलाबी, याचा पत्ता नसतो. आमच्याकडे काळी जास्त खपते ती मळ दिसत नाही म्हणून, एवढंच तिचं रहस्य.

झोपताना घालायची की नाही, तार हवी की नको, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. ब्रामुळे कॅन्सर होतो हे खूळ नव्वदच्या दशकात एका अमेरिकन जोडप्याच्या पुस्तकातून पसरलं. मग सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्राने कॅन्सर झालेल्या 1044 आणि न झालेल्या 469 बायकांना, सगळ्या 55 ते 74 वयाच्या, नीट बसवून विचारलं. कितव्या वर्षापासून ब्रा घालता, दिवसाचे किती तास, तार होती का, कप केवढा. 2014 साली निष्कर्ष छापून आला, कशाचाही संबंध नाही. म्हणजे मोठ्या छातीचा मुद्दाही इथेच निकालात निघाला. शिवाय या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. त्याने कुठली ब्रा घातली होती?

तुम्ही म्हणाल, हिचं दुकानच आहे, ही दुसरं काय सांगणार. बरं, मग दुकानाच्या तोट्याचंही सांगते. घट्ट ब्राने त्रास होतो, हे या मेसेजमधलं अर्धं खरं आहे. खांद्यावर पट्ट्याचे चर पडतात, छातीखालच्या घडीत घाम मुरून पुरळ येतं, नायटा होतो. बाळाला पाजणाऱ्या आईने आवळून घातली तर दूध तुंबून गाठ धरते. निम्म्या बायका लग्नात जी साईज होती तीच दोन बाळंतपणांनंतर मागतात, हळू आवाजात, नवऱ्याला पायरीखाली उभं करून. टेप लावते म्हटलं की "नको नको, चौतीसच द्या." आणि घरी धुतल्यावर ती वाळते कुठे? दोरीवर परकराखाली किंवा टॉवेलखाली, कुणाला दिसू नये म्हणून. तिला कधी ऊन लागत नाही, दमट तीच पुन्हा अंगावर चढते. खाज येते ती यातून. पण खाज म्हणजे कॅन्सर नव्हे.

डिओ आणि मोबाईल एका दमात संपवते. डिओने घाम अडला तरी आत विष साठत नाही. शरीरातली घाण बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, दिवशी तेवढा डिओ लावू नका, त्यातल्या ॲल्युमिनियमचे कण फोटोत संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसू शकतात. ब्लाउजमधल्या मोबाईलने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. घामाने मोबाईल बिघडतो, याला माझ्याकडे आहे.

खरा राग शेवटच्या मुद्द्याचा. बाकीच्या मूर्खपणाने फार तर माझ्याकडे काळा माल पडून राहील. हा मुद्दा बाईचा जीव घेईल.

दुखत नाही म्हणजे साधी, हे नेमकं उलटं आहे. पाळीच्या आधी छाती भरून येते, दुखते, हाताला गुठळ्या लागतात, ते बहुतेक वेळा हार्मोन्सचं काम असतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आमच्या शेजारच्या काकूंना गौरी-गणपतीच्या आवराआवरीत गाठ लागली. सांगितली शिमग्याला. मधले सहा महिने त्या गप्प का होत्या, तर "दुखत नव्हतं गं." आधी केमो, मग ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढल्या. आज त्या हिंडतात-फिरतात, पण डावा हात सुजलेला असतो आणि त्या हातात बांगडी चढत नाही. गाठ नवी असेल, कडक असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्डे-खड्ड्यांची झाली असेल, बोंड अलीकडे आत ओढलं गेलं असेल, त्यातून रक्त येत असेल, काखेत गोळा लागत असेल, तर दुखण्याची वाट बघायची नाही.

सुईचं भय कुठून येतं, तेही कळतं. "सुई टोचली आणि महिन्यात पसरला" असं प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी सांगतं. अहो, बाई डॉक्टरकडे पोहोचली तेव्हाच तो पसरलेला होता, सुईनंतरच्या तपासण्यांत तो फक्त दिसला. सुईने निघालेल्या तुकड्यावरून कळतं की गाठ कॅन्सरची आहे का, असेल तर कुठल्या जातीची आणि तिला कोणतं औषध लागू पडेल. बऱ्याच गाठी तर कॅन्सरच्या निघतच नाहीत, आणि तो दिलासाही ती सुईच देते. हळदीचा लेप कातडीवर बसतो. चाळीस दिवसांनी कातडी पिवळी होते आणि गाठ चाळीस दिवसांनी मोठी.

आणि टाटाचंच नाव घ्यायचं असेल तर टाटाने खरोखर काय केलं ते पाठवा ना. 1998 पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन तपासायच्या. मशीन नाही, फोटो नाही, नुसता हात. 2021 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला. तपासलेल्या बायकांत कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशी गाठलेल्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, तोही त्यांनी लपवलेला नाही. त्या सेविकांनी कुणाच्या ब्राचा रंग विचारला नव्हता.

आता भाची. ती दुकानात आली तेव्हा दप्तर पाठीवर नव्हतं, छातीशी धरलेलं. हल्ली वाकूनच चालते. कारण घरी येणारी प्रत्येक बाई म्हणते, "हिची वाढ लवकरच झाली हो." मागच्या खोलीत नेलं तर रडायला लागली. उजव्या बोंडाखाली गाठ आहे, दुखते, एकाच बाजूला आहे, आणि तिने काळी स्लिप घातली होती. चार रात्री ती हे एकटीच घेऊन झोपत होती.

ते हरभऱ्याएवढं, दाबल्यावर दुखणारं काय असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आठ ते तेरा वयात छातीची वाढ तशीच सुरू होते. एका बाजूला आधी येते, दुसरी काही महिन्यांनी. पुढेही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, कुणाच्याच नसतात, मी रोज मापं घेते. घाबरून ती गाठ कापायला तर अजिबात जायचं नसतं, पुढे होणाऱ्या स्तनाचा तो कोंब असतो. तो गेला तर त्या बाजूची वाढच होत नाही. मी बोलत होते आणि ती माझ्याकडे नाही, शोकेसमधल्या प्लास्टिकच्या छातीकडे बघत होती. मग म्हणाली, "असं कधी होणार?" म्हटलं, "असं कुणाचंच नसतं, ते कंपनी साच्यात ओतते."

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मला वाटलं शाळेत शिकवतील." शाळेला वाटत असणार, आई सांगेल.

मावशीला ग्रुपवर काही बोलले नाही, तिथे बोललं की मानापमान सुरू होतात. घरी गेले. तिचं वय 58, आणि आजवर एकदाही तपासून घेतलेलं नाही. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर 5 वर्षांनी अशी हाताने तपासणी धरलेली आहे, हे ऐकून ती म्हणाली, "मला काय झालंय? काही दुखत नाही." म्हटलं, म्हणूनच. बराच वेळ ती पदराचं टोक पिळत बसली, मग विचारलं, तपासायला बाईच असते ना? गुरुवारी सकाळी तिला घेऊन जातेय. त्या दिवशी दुकान दहाऐवजी एकला उघडेल.