धुक्यातला नवेगावबांध
हिवाळी छायाचित्रण सहलीविषयीचा एक लेख नुकताच वाचला; त्यात केवळ ताडोब्याच्या वाघांचा विचार झाला आहे, म्हणून गोंदिया जिल्ह्यातील रहिवासी या नात्याने थोडी भर घालतो. डिसेंबर-जानेवारीत नवेगावबांधच्या तलावावरील पहाटेचे धुके विरू लागते, तेव्हा हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) आणि मागची डोंगररांग, नशीब असेल तर, एकाच चौकटीत सापडतात; मात्र तो मऊ प्रकाश फार वेळ टिकत नाही. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत एकदम उघडल्यास भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो काही वेळ पिशवीतच बंद ठेवावा. मार्गदर्शक स्थानिकच असावा, कारण पक्षी कोणत्या काठाला उतरतात हे त्याला (आणि त्याहूनही अधिक आमच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना) नेमके ठाऊक असते.