कापूस आमचा, अंगावर मात्र पॉलिस्टर

सध्या इन्स्टा उघडलं की सगळीकडं 'ऑटम लुक' चाललाय. तपकिरी कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्यात लोकरीचा मफलर. दिसतं छान, मलाही बघायला आवडतं, पण मी ते बघत असते तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, चिकलठाणा एमआयडीसीत आमच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहा घेत उभी असते आणि पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत आलेली असते. आपल्या संभाजीनगरचा ऑक्टोबर असा असतो. पाऊस माघारी गेलेला, आभाळ धुतल्यासारखं निळं, ऊन थेट डोक्यावर आणि जमिनीत ओल अजून तशीच, त्यामुळं पारा ३३-३४ च्या वर गेला नाही तरी अंगाला नुसता चिकचिकाट. मे मध्ये चाळीसचं ऊन काढतो आपण, पण ते कोरडं असतं, घाम लगेच वाळतो. हे ऊन वाळू देत नाही. आणि पहाटे परत चादर लागते.

त्यात माझा दिवस असा की सकाळी साडेआठला सिडकोतल्या रूमवरून स्कूटीवर निघायचं तेव्हा हवा गार, जालना रोडला धूळ आणि धूर, ऑफिसात एसी इतका की बोटं आखडतात, जेवायला बाहेर आलं की भट्टी, संध्याकाळी परत गारवा. एकाच ड्रेसमध्ये हे सगळं निभवायचं. त्यामुळं काय घालायचं हा प्रश्न मला फालतू वाटत नाही. जी मुलगी रोज दहा तास घराबाहेर असते तिच्यासाठी कपडा म्हणजे दिवसभराचा सोबती, तो सुखाचा नसला तर कामात लक्ष लागत नाही, हे मी अनुभवानं सांगतेय.

गेल्या वर्षी नवी नोकरी लागली तेव्हा मी ऑनलाइन सात-आठ टॉप घेतले होते, एकेक साडेतीनशे-चारशेचा. रंग झकास, इस्त्रीची कटकट नाही, बादलीत बुडवून वाळत टाकला की तासाभरात तयार. वर नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग, सगळ्या ऑफिसचा ग्रुप फोटो, त्यासाठी अजून चार घेतले. दसऱ्यापर्यंत काखेत आणि पाठीवर पुरळ, मग लाल चट्टे, मग इतकी खाज की मीटिंगमध्ये बसवेना. पहिल्या डॉक्टरांनी मलम दिलं, चार दिवस बरं वाटलं आणि परत तेच. शेवटी ज्या स्किनच्या डॉक्टर मॅडमकडं गेले त्यांनी आधी माझ्या टॉपची बाही चिमटीत धरून बघितली आणि म्हणाल्या, हे घालणं बंद कर, सैल सुती घाल, घाम कोंडला की बुरशी वाढणारच. औषध महिनाभर घेतलं, पण फरक पडला तो कपडे बदलल्यावर.

आता मी जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातली. आमच्या घरी साडेतीन एकर कापूस असतो. लहानपणी कापसाच्या गंजीवर लोळले मी. आणि मला सुती घाल हे सांगायला डॉक्टर लागली. ह्याचा मला फार त्रास झाला, खरंच झाला, आणि त्यानंतर मी जरा खोलात जाऊन बघायला लागले.

सुताचा धागा साध्या हवेत स्वतःच्या वजनाच्या ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर ०.४ टक्के. बस, एवढाच सगळा खेळ आहे. घाम आला की सुती कपडा तो आत ओढून घेतो आणि हळूहळू हवेत सोडतो, पॉलिस्टर ओढतच नाही, म्हणून तो अंगावर तसाच राहतो, चिकटतो, वास मारतो. आता ह्याची दुसरी बाजू बघा. अण्णा हमीभावानं कापूस घालायला जातात तेव्हा ८ टक्के ओलावा चालतो, त्याच्यापुढं १२ पर्यंत भाव कापत जातात, १२ च्या वर गेला की गाडी परत. म्हणजे कापूस ओल धरतो म्हणून माझ्या बापाचे पैसे कापले जातात, आणि तीच ओल धरतो म्हणून शहरात 'प्युअर कॉटन, ब्रीदेबल' असा टॅग लावून तोच कापूस बाराशेला विकतात. मागच्या वर्षी अण्णांची गाडी ओलावा जास्त म्हणून परत आली, दोन दिवस ताडपत्रीवर पसरून वाळवला, आणि त्याच आठवड्यात मी एका दुकानात कुर्त्याचा टॅग वाचत उभी होते. तिथंच डोळ्यात पाणी आलं.

हिशोब पण मांडला मी, ढोबळ आहे, कुणाला दुरुस्त करायचा असेल तर करा. एक क्विंटल कापसातून ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी, म्हणजे बी. सूत काढताना, विणताना, कापताना थोडं वाया जातं, आणि एक कुर्ता पाव किलोच्या आसपास भरतो. म्हणजे क्विंटलमागं शंभरेक कुर्ते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, तो मिळालाच असं धरलं तरी एका कुर्त्यामागं शेतकऱ्याला ऐंशी रुपये. त्यातच बियाणं, खत, फवारणी आणि वेचणी, वेचणीच किलोला दहा-बारा रुपये जाते आमच्याकडं. राहिलेले अकराशे वाटेत कुठं कुठं जातात ते ज्यांनी त्यांनी बघावं. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडून जमाना झाला, आपल्या कापसाच्या गाठी बाहेरच्या राज्यात जातात आणि तिकडून कपडा होऊन परत येतात. तरी तिरंग्याचं खादीचं कापड आजही उदगीरला विणतात आणि झेंडे नांदेडला तयार होतात, हे माझ्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, सांगताना मला लई भारी वाटलं होतं.

पण मला खरं बोलायचंय ते आईबद्दल.

दिवाळीच्या आधी दोन दिवस सुट्टी टाकून मी वेचणीला जाते. पहिल्या दिवशी शेतात सीतादही होतं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वेचायला हात लावायचा. माझी आई वेचायला जाताना काय घालते माहितीये? साडी, साडीवर अण्णांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, डोक्याला आणि तोंडाला रुमाल, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधलेली. कारण बोंडाची वाळलेली टोकं काट्यासारखी लागतात, हात नुसते ओरबाडून निघतात. इन्स्टावर ज्याला लेयरिंग म्हणतात ते मी पहिल्यांदा कापसाच्या शेतात बघितलं, आणि माझ्या लेखी तेच खरं, कारण त्यातला एकेक थर कशासाठी आहे ते आईला विचारलं तर सांगता येतं.

आणि आतली साडी? सिंथेटिक. तीनशेची, बाजाराच्या दिवशी घेतलेली. दिवसभर हातानं चाळीस-पन्नास किलो कापूस वेचणारी बाई नखशिखांत घामानं भिजलेली असते, कारण अंगाला पॉलिस्टर चिकटलेलं असतं. मी म्हणलं, आई सुती का नेसत नाहीस गं? तर म्हणाली, "काहून? तिला खळ कोण घालायलंय, इस्त्री कोण करायलंय, एक धुतली की भदं होती. ही बघ, दोन वर्ष झाले, मेलीला काही होईना." मला उत्तर नव्हतं. तिचं म्हणणं खोटं नाही. चांगली सुती साडी महाग, वाळायला उशीर, रंग जातो, आणि ज्या बाईला पहाटे पाचला उठून पाणी भरायचंय ती इस्त्री करत बसणार नाही. म्हणून जे लोक म्हणतात की लोकांना समजत नाही म्हणून ते स्वस्त कपडे घेतात, त्यांचं मला पटत नाही. समजतं सगळं. परवडत नाही, पैसाही आणि वेळही.

मला मात्र आता दोन्ही थोडं थोडं परवडतं, म्हणून मी बदलले. कपाटात बारा टॉपच्या जागी पाच सुती कुर्ते आहेत, दोन मलमलचे, एक खादीचा, फिके रंग, सैल बाह्या. एसीसाठी सुती ओढणी. स्कूटीवर अण्णांचा तो जुना निळा पट्ट्यांचा शर्ट वरून घालते, ऊन आणि धूळ दोन्ही अडतं. ऑफिसात एकजण म्हणाली, अगं हे काय गावाकडचं घातलंयस. मी म्हणलं, हो, गावाकडचंच आहे, माझ्या आईचा वेचणीचा शर्ट आहे. ती गप्प बसली, नंतर कापड हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली किती मऊ झालंय गं. वीस वर्षं धुतलेलं सूत असंच होतं. यंदा नवरात्रात मी नवीन काही घेतलं नाही, रूमवरच्या चौघींनी ओढण्या आलटून पालटून वापरल्या, पहिल्या दिवशी सोमवार म्हणून पांढरा होता तेवढा माझ्याकडं होताच. कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेतही तसंच गेलो, गर्दीत सुद्धा जीव घाबरला नाही.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी एवढं बघा. 'कॉटन फील', 'कॉटन ब्लेंड' म्हणजे कॉटन नाही, आतल्या शिवणीतला टॅग वाचा. शिवणीतून एक धागा ओढून काडीनं जाळा, सुती कागदासारखं जळतं आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. रेयॉनपण कागदासारखंच जळतं म्हणून तिथं फसायला होतं, ते लाकडाच्या लगद्यापासून करतात, त्याचा धागा ओला करून ओढा, पटकन तुटतो, सुती धागा ओला झाला की उलट मजबूत होतो. आणि आपण राहतो त्या ह्या शहराला हे शहाणपण नवीन नाही. इथं हिमरू आणि मशरू नावाची कापडं विणायचे. मशरू म्हणजे वरून रेशीम आणि आतून सूत, रेशमाचा थाट लोकांना दिसायचा आणि अंगाला मात्र सूतच लागायचं. मला हे कळलं तेव्हा वाटलं, अरे, आपल्या लोकांनी किती विचार केला होता कपड्याचा.

यंदा वेचणी उशिराच आहे. सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं जे केलं ते सगळ्यांनी बघितलंय. आमच्याकडं खालची बोंडं पार सडली, सोयाबीन तर पाण्यातच गेलं, अण्णा फोनवर फार बोलत नाहीत. आई म्हणते दिवाळीला कुणाला काही नको. पण मला बोनस म्हणून थोडे पैसे मिळालेत आणि मी ठरवलंय की आईला दोन सुती साड्या घ्यायच्या, रोज नेसायच्या, खळ-इस्त्री न लागणाऱ्या, वेचणीत पण चालतील अशा. तिला सांगितलं तर पहिल्यांदा नाहीच म्हणाली, मग दहा मिनिटांनी परत फोन करून म्हणाली, घेतलीच तर गडद घे, मातीचे डाग दिसतेत.

शनिवारी गुलमंडीला चाललेय. बजेट दोन्ही मिळून अडीच हजार. घरी धुतल्या जातील, दगडावर आपटल्या जातील, उन्हात वाळतील. जाड पोत चालेल, काठ साधे चालतील, जांभळा किंवा मोरपंखी मिळाला तर उत्तम. कुणी घेतली असेल, वर्षभर वापरून बघितली असेल, तर कुठल्या गल्लीत, कुठल्या प्रकारात बघू ते सांगा.