संभाजीनगर ते नांदेड नऊ मिनिटांत : एका फॉरवर्डचा समाचार

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन विमानतळांमधले अंतर ‘फक्त ११६ किलोमीटर’ आहे, विमान ताशी ८०० किलोमीटरने उडते, म्हणून प्रवास नऊ मिनिटांचा आणि नांदेडहून परतताना तर सहाच मिनिटांचा, अशा अर्थाचा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. नांदेडच्या आमच्या मावशींनी त्याच्या भरवशावर संभाजीनगरच्या डॉक्टरांची सकाळची वेळ घेण्याचे ठरवले, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

आधी अंतर. विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिक माहितीपुस्तिकेत प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. चिकलठाण्याचे, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळाचे, साधारण १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व, नांदेडचे १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. त्यांवरून सरळ रेषेतले अंतर सुमारे २१५ किलोमीटर निघते. मग ११६ आले कोठून? ते सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि कोणीतरी एकक न वाचता नुसता आकडा उचलला. जालना, परभणी करत रस्त्याने जाताना अडीचशेच्या पुढे किलोमीटर पडतात, त्या मानाने हवाई अंतर कमी आहे, एवढे मान्य करावे लागेल.

खरा कहर परतीच्या सहा मिनिटांत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेचे संभाजीनगर म्हणे आपणहून विमानाकडे सरकत येते! आपल्या अक्षांशावर जमिनीचा हा वेग ताशी सुमारे १,५७० किलोमीटर आहे. विमान खरोखरच मागे राहत असते, तर नांदेडवर नुसते तरंगत राहिले असते तरी आठ मिनिटांच्या आत संभाजीनगरचे रेखावृत्त त्याच्याखाली आले असते, इंधन जाळण्याचे कारणच उरले नसते. तसे होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडते. धावत्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये उडी मारणारे पोर मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. दिशेनुसार वेळ बदलते ती वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे तेव्हा लवकर पोहोचेल ते नांदेडकडे जाणारे विमान. दाव्याच्या नेमके उलट! तोही फरक ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात पाचेक मिनिटांचाच.

ताशी ८०० हा मोठ्या जेटचा, तोही उंची गाठल्यानंतरचा वेग आहे. छोट्या मार्गांवर बहुधा वापरले जाणारे एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी ५०० च्या आसपास जाते. त्या हिशेबाने सव्वीस मिनिटे होतात, पण धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि थांब्यावर येणे धरले, तर पाऊण ते एक तास गृहीत धरावा. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या पाऊण-एक तास आधीच बंद होतो, त्याचा मजकुरात उल्लेखही नाही.

शिवाय अंतर काढून देणारी संकेतस्थळे कोणत्याही दोन विमानतळांमधला आकडा देतात, मग त्यांच्यात विमान जात असो वा नसो. प्रवासाच्या दिवशी थेट सेवा आहे का, हे वेळापत्रकात पाहावे लागते. नसेल तर मुंबई किंवा हैदराबादमार्गे वळसा पडतो आणि त्यापेक्षा रेल्वे लवकर पोहोचवते. मावशींना आदल्या दिवशीच्या गाडीचे तिकीट काढायला सांगितले आहे.