सीईचा शिक्का असला म्हणजे बीआयएस लागत नाही?

आयटी खरेदी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: रॅकमधलं स्टोरेज (ऑफिसचा डेटा ठेवणारा डिस्कांचा डबा) घेताना मागच्या प्लेटवर युरोपची सीई आणि अमेरिकेची एफसीसी ही खूण बघा, झालं काम; बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी, फक्त चार्जर-मोबाइलला लागतं. सीईची अक्षरं चिकटलेली असतील तर माल ‘चायना एक्सपोर्ट’. एफसीसी असेल तर शॉकची भीती नाही. दोन पॉवर सप्लाय म्हणजे दुप्पट वीजबिल. आणि 16 टीबीच्या डिस्कमध्ये 14.5च मिळतात, ही लूट.

यातला बीआयएसचा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा, म्हणून आधी तोच. 2012च्या आदेशाने केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मालाची सक्तीची नोंदणी आणली. पहिल्या यादीतल्या 15 प्रकारांत ‘ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग मशीन’ होतं. लॅपटॉपपासून सर्व्हरपर्यंतचा माल त्यात येतो आणि रॅकमधला नॅसही (नेटवर्कवरून वापरायचं स्टोरेज) तिथेच बसतो. काही अति-विशेष यंत्रांना सूट आहे, पण नेहमीच्या 12 डिस्कच्या 2यू (रॅकमधले दोन खण उंचीच्या) डब्याने त्यावर विसंबू नये. नोंदणी नसलेला माल कस्टम्समध्ये अडकतो. बाहेरून आणलेला जुना, ‘रिफर्बिश्ड’ मालही यातून सुटत नाही, हे स्वस्तातला सौदा करणाऱ्यांनी आधी ऐकावं.

सीई ही युरोपची खूण. अशा उपकरणांवर ती उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. विद्युत सुरक्षा, विद्युतचुंबकीय अडथळा आणि घातक पदार्थांचे तिकडचे नियम पाळल्याची ती त्याची स्वतःची घोषणा असते. कुठलं सरकार तपासून शिक्का मारत नाही. भारतात तिला कायद्याने काही किंमत नाही.

मग बघायचं काय? प्लेटवर बीआयएसची खूण, खाली ‘आर’ आणि त्यापुढे आठ आकडी क्रमांक, सोबत मानक. बऱ्याच प्लेटांवर आयएस 13252 भाग 1 दिसेल. क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका आणि समोर आलेला ब्रँड, कारखाना, मॉडेल प्लेटशी ताडून बघा. नोंदणी कारखान्यागणिक असते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातला माल पहिल्याच्या क्रमांकावर चालत नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘बीआयएस सर्टिफाइड’ लिहिलेलं असेल तर क्रमांक मागा. तो सांगायला विक्रेत्याला मिनिटही लागू नये.

‘चायना एक्सपोर्ट’ नावाची खूणच नाही. युरोपियन कमिशनने संसदेतल्या प्रश्नावर हेच उत्तर दिलं होतं. अक्षरांतलं अंतर चुकलेलं असेल तर ती नियमाबाहेर छापलेली सीई, एवढंच. माल खोटा असू शकतो, पण ते अंतरावरून कळत नाही.

एफसीसीचा शॉकशी संबंध नाही. अमेरिकेच्या या नियमांचा भाग 15 रेडिओ अडथळ्याबद्दल आहे: यंत्रातून निघणाऱ्या लहरींनी शेजारचा रेडिओ-टीव्ही बिघडू नये. त्यात क्लास ए व्यावसायिक जागेसाठी, क्लास बी घरासाठी आणि जास्त कडक. रॅकमधला बहुतेक माल क्लास ए असतो. फ्लॅटमध्ये ऑफिस थाटलेल्या सीएंनी मॅन्युअलमधली ती बारीक ओळ जरूर वाचावी. निवासी भागात अडथळा आला तर तो आपल्या खर्चाने दूर करायचा, असं तिथे लिहिलेलं असतं. शॉक लागू नये म्हणून मात्र अर्थिंग तपासा. दोन्ही सप्लायची थोडीथोडी गळती अर्थवरच जाते आणि अर्थ तुटलेला असेल तर तीच रॅकच्या पत्र्यावर येते.

वीजबिलाचं म्हणाल तर 800 वॉटचे दोन सप्लाय म्हणजे 1,600 वॉटचा खप नव्हे. एक गेला तर दुसऱ्याने सगळा भार पेलावा म्हणून जोडी असते. 800 ही कमाल क्षमता. 3.5 इंची डिस्क चालू असताना साधारण 7-8 वॉट घेते; बारा डिस्क शंभराच्या आत, वर प्रोसेसर आणि पंखे. चालू होताना मात्र डिस्क फिरवायला प्रत्येकी 20-25 वॉट लागतात. एवढी मोठी क्षमता ठेवण्याचं हे एक कारण, आणि डिस्क एकदम न फिरवता टप्प्याटप्प्याने फिरवतात तेही यासाठीच.

लुटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1,024च्या. 16 लाख कोटी बाइट 1,024ने चारदा भागा, 14.55 येतात. बाइट तेवढेच असतात. रेड 6 (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचवणारी मांडणी) केलंत तर बारातल्या दोन डिस्कांएवढी जागा आणखी जाईल, आणि ती कोणी लुबाडलेली नसते.