‘लहान पोरांना काय कळतंय’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

फॅमिली ग्रुपवर परवा तो लांबलचक फॉरवर्ड परत आला. आई आणि लहान मुलाची एकत्र थेरपी म्हणजे घरं मोडायचा नवा धंदा, वगैरे. तुमच्याकडेही फिरत असेलच. एरवी मी असलं काही गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत डिलीट करते. पण या वेळी मावशीने तो मुद्दाम तिच्या मुलीला पर्सनलवर पाठवला, जी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून चार वर्षांच्या पोराला घेऊन परळला माहेरी आलीये आणि आत्ता कुठे दोघांची सेशन्स सुरू झालीयेत. झालं, या आठवड्यात ती गेलीच नाही. म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा, आणि सगळ्यात घातक हाच: “पाच वर्षांखालच्या मुलांना काही आठवत नाही, विषय काढू नका, आपोआप विसरतात.”

मोठेपणी सगळं क्रमाने सांगता येत नाही, इतपत खरंय. पण अंगात भीती बसते तिचं काय? दहा बाय बाराच्या खोलीत आईला मार पडताना पोरगं “झोपलं होतं” असं सगळे सांगतात, ते डोळे गच्च मिटून पडलेलं असतं. मग तेच पोरगं जिन्यात कोणाच्या चपला जोरात वाजल्या की पलंगाखाली जातं, सुटलेली अंथरुणातली शू परत सुरू होते, आणि खेळ एकच, बाहुलीला आपटायचं, उचलायचं, परत आपटायचं. डीएसएम-5 म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची निदानाची पोथी, 2013 ची, त्यात सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी पीटीएसडीचे, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात राहणाऱ्या आजाराचे, वेगळे निकष दिलेत. पोरं आपोआप विसरत असती तर ते कशाला दिले असते? आणि “विषय काढू नका” यातून पोराने काय समजायचं? की जे पाहिलं ते बोलायचं नसतं. मग ते स्वतःच हिशोब लावतं, मी दूध सांडलं म्हणून बाबांनी आईला मारलं. या वयात मुलं असंच जोडतात, आणि कोणी बोललंच नाही तर ते खोडणार कोण?

दुसरा मुद्दा: “त्रास आईला आहे ना, मग तिने एकटीने जावं, पोराला कशाला ओढता?” हा वरवर पटतो, म्हणून जास्त चीड येते. माझ्यासमोर घडलेलं सांगते. पोराने रागात ताट भिरकावलं. बहीण ओरडली नाही, फटका दिला नाही, भिंतीला चिकटून नुसती उभी, चेहरा पांढराफटक. स्वतःच्या चार वर्षांच्या पोराला ती घाबरली होती! तिचं ते तोंड बघून तो अजूनच पिसाळला, आणि मागून मावशी, “अगदी बापावर गेलाय.” आता हे एकटीच्या सेशनमध्ये कोणाला दिसणार? तिला त्याच्यात नवरा दिसतो, त्याला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसते. दोघांत जे अडकलंय ते दोघांना समोर बसवूनच सुटणार ना.

आणि हे माझं मत नाही फक्त. सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलिसिया लीबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी या पद्धतीवर, चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपीवर, आयुष्यभर काम केलं. त्यांचा 2005 चा अभ्यास बघा: घरात आईला मारहाण होताना पाहिलेली तीन ते पाच वर्षांची 75 मुलं आणि त्यांच्या आया, रँडम दोन गट. एकाला साधारण वर्षभर दर आठवड्याला एकत्र सेशन, दुसऱ्याला केस मॅनेजर, म्हणजे मदत जुळवून देणारी व्यक्ती, आणि वेगवेगळे उपचार घ्यायची सोय. म्हणजे दुसरा गट काही वाऱ्यावर सोडला नव्हता. तरीही एकत्र बसलेल्या गटातल्या मुलांचा त्रास आणि वागण्यातल्या अडचणी जास्त कमी झाल्या, आठवणी टाळत राहायची आयांची सवयही. थेरपी संपल्यावर सहा महिन्यांनी परत तपासलं, तेव्हाही मुलांच्या वागण्यात फरक टिकून होता. फॉरवर्डवाल्याकडे काय आहे? “एका डॉक्टरांनी सांगितलं.”

“पोरांना बापाविरुद्ध भडकवतात.” उलट आहे. पोराला बापाची भीती वाटते आणि आठवणही येते, दोन्ही बोलायला तिथे मुभा असते. घरी बापाचं नाव काढलं की सगळे गप्प होतात, ते बरं का?

“खेळायचे पैसे घेतात.” चार वर्षांचा पोरगा खुर्चीत बसून मन मोकळं करणारे का? तो खेळण्यातली पोलीस गाडी आणि बाहुल्याच घेणार.

“मुलांसमोर सगळं बोलू नये.” बरं, हे अर्धं मान्य. आईने पोरासमोर रोज नवऱ्याचे पाढे वाचले तर त्याचं नुकसानच आहे. पण थेरपिस्ट आधी आईशी एकटीशी बोलते, पोराला काय आणि किती सांगायचं ते दोघी मिळून ठरवतात, मगच पोरगं खोलीत येतं. आणि प्रत्येक मुलाला थेरपी लागतेच असंही नाही, सुरक्षित घर आणि मायेची आजी मिळाली की बरीच सावरतात. फक्त आजी “बापावर गेलाय” म्हणणारी नको.

“हे पाश्चात्त्यांचं फॅड.” वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या पालिकेच्याच, मार खाल्लेल्या बायकांसाठी दिलासा केंद्र किती वर्षं चालू आहे. टिसचा, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, अशाच बायकांसाठीचा स्पेशल सेल 1984 पासून मुंबई पोलिसांसोबत काम करतोय. तिथे हीच थेरपी मिळते असं मी म्हणत नाहीये, पण सुरुवात करायला दार आहे. आणि टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर फुकट आहे.

खाजगीत जाणार असाल तर फोनवरच विचारा: पाच वर्षांखालच्या मुलांसोबत काम केलंय का, आईला सेशनमध्ये बसवता का, आणि घरात मारहाण अजून चालू असेल तर आधी काय करता? तिसऱ्याचं उत्तर “मिस्टरांनाही घेऊन या, समजावू” असं आलं, तर दुसरीकडे जा.